मुंबईहून पैसे येतात तेव्हा

एस.टी. तुम्हाला उतरवून धूळ उडवत पुढे जाते. पाटीवर नाव आहे: गागोदे बुद्रुक, तालुका पेण. बुद्रुक हे फारसी 'बुजुर्ग'चं आपल्याकडे घासून गुळगुळीत झालेलं रूप. म्हणजे थोरलं. जिथे बुद्रुक असतं तिथे आसपास कुठेतरी खुर्द, म्हणजे धाकटं, असतं किंवा कधीकाळी असायचं. महसुली कागदांनी गावांनासुद्धा बहिणी-बहिणी करून ठेवलंय. आज तुमचं काम थोरली-धाकटीशीच आहे, म्हणून या गावापासून सुरुवात.

खांद्यावरच्या पिशवीत एक पांढरी चादर आहे, तळहातावर मावेल एवढा प्रोजेक्टर आहे, आणि त्यात एक चित्रपट आहे. 'दोघी'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, १९९५ सालचा. थोरली गौरी, धाकटी कृष्णा. तेव्हा तो या गावात कुणी पाहिला की नाही, ते जाऊ द्या. आज तो तुम्ही घेऊन जाताय, तीसेक वर्षं मागे. अट एकच. बघायचं, ऐकायचं, विचारलं तर बोलायचं, पण पुढचं सांगायचं नाही. मागे जाणाऱ्याला ही अट पाळणं सगळ्यात कठीण पडतं, हे तुम्हाला लवकरच कळेल.

पहिल्या खेपेला तुमचा अंदाज चुकतो आणि तुम्ही फारच मागे जाता.

पायाखालचं डांबर नाहीसं होतं, विजेचे खांब जातात, मोबाइलचा मनोरा तर कधी नव्हताच. साल १९०१ च्या आसपासचं असावं. समोर भाव्यांचं घर आहे. आत आजोबा शंभूराव पूजेला बसलेत आणि पूजा लवकर आटपायचं लक्षण नाही. घरचा मुलगा नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्याला. ओटीवर पाच-सहा वर्षांचा एक मुलगा फणसाच्या गऱ्यांकडे टक लावून बसलाय. त्याचं नाव विनायक, आई त्याला विन्या म्हणते, तुम्ही त्याला विनोबा म्हणून ओळखता. ११ सप्टेंबर १८९५ ला तो याच गावात जन्मला. झाडाचा फणस उतरला की पहिला वाटा शेजारच्या घरांना पोचवायचा आणि मग आपण खायचं, असा रुक्मिणीबाईंचा दंडक. विन्या पानात गरे घेऊन निघतो. तुमच्याकडे बघतही नाही. त्याला लवकर परत यायचंय.

तुम्ही मात्र रुक्मिणीबाईंकडे बघून ठेवा. ही बाई पुढे बडोद्याला गीतेवरच्या प्रवचनाला जाईल, संस्कृत कळणार नाही, आणि घरी येऊन मुलाला तसं स्पष्ट सांगेल. मुलगा मराठी भाषांतर आणून देईल. तेही तिला अवघड जाईल. मग ती विचारेल, तूच का करत नाहीस? १९१८ साली ती गेली. मुलाने 'गीताई' लिहायला घेतली १९३० मध्ये, पुस्तक आलं १९३२ ला. ही गोष्ट आपण नेहमी मुलाच्या मोठेपणासाठी सांगतो. मला ती आईची वाटते. भल्याभल्यांच्या सभेत उठून मला हे कळत नाही असं म्हणणारी माणसं आजही फार सापडत नाहीत, आणि हिने तर कळत नाही म्हणून सांगून वर मागणीही केली. विचारलं म्हणून ते झालं.

आता पुढे चला. पण थेट १९९६ ला नको. वाटेत पुण्याला उतरायचं आहे.

पुणे, १९८५. एका वस्तीत, पत्र्याच्या खोलीच्या दारात एक बाई बसलीय आणि तिच्यासमोर जमिनीवर दुसरी, सुती साडीतली, बेचाळीसेक वर्षांची. दुसरी फारसं बोलत नाही. विचारते आणि गप्प बसते. पहिली बोलता बोलता थांबते, चुलीवरचं उतरवते, पुन्हा येऊन बसते, तरी दुसरी तिथेच. या सुमित्रा भावे. गागोद्याच्या भाव्यांशी नातं जोडायची घाई करू नका, पुण्यात भाव्यांना तोटा नाही. १९४३ चा जन्म. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये समाजकार्य शिकल्या, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं, दिल्लीच्या आकाशवाणीवर मराठी बातम्या वाचल्या आणि आता 'स्त्रीवाणी'साठी वस्त्यांतल्या बायकांच्या तोंडून त्यांचं आयुष्य ऐकतायत. आठ दलित स्त्रियांच्या कहाण्यांचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९८८ ला येईल, 'पॅन ऑन फायर' नावाचं. गेल ऑम्वेट यांनी ते भाषांतरित केलं.

पण मेख इथेच आहे. ज्या बायकांबद्दल लिहायचं त्यांना वाचता येत नाही. अहवाल तयार होतो, चर्चासत्रात वाचला जातो, कपाटात जातो. जिने सांगितलं तिच्यापर्यंत तिचंच म्हणणं परत पोचत नाही. बघता मात्र सगळ्यांना येतं. अशा कारणासाठी कॅमेऱ्याकडे वळलेला दुसरा दिग्दर्शक मला तरी पटकन आठवत नाही. बाकीचे सिनेमाच्या वेडापायी आले, या बाई उत्तर परत करायला आल्या. त्याच साली 'बाई' हा लघुपट झाला, १९८७ ला 'पाणी'. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'बाई'च्या वेळी एक तरुण मुलगा मदतीला होता, सुनील सुकथनकर. तो पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रीतसर शिकून आला आणि सुमित्राबाईंसोबत राहिला. एकीने माणसं ऐकलेली, दुसरा कॅमेरा शिकलेला. ही जोडी पुढे पस्तीसेक वर्षं टिकली.

पत्र्याच्या दारातली बाई आता हसतेय. सुमित्राबाईंनी काहीतरी विचारलंय, तुम्हाला ऐकू आलं नाही. पुढे निघा.

आता जिथे उतरताय ते गाव नकाशावर शोधू नका. ते 'दोघी'तलं गाव आहे.

उघडं माळरान, कोरडी जमीन, आणि या सगळ्यात एका घरासमोर मांडव. तुम्ही पाहुण्यांत उभे आहात. कुणीतरी तुमच्या हातात अक्षता ठेवल्यात. घरातून दोन मुलींचं हसणं येतंय. गौरीचं आज लग्न आहे. रेणुका दफ्तरदारची गौरी, सोनाली कुलकर्णीची कृष्णा. सोनाली तेव्हा विशीतली, आदल्याच वर्षी जब्बार पटेलांची 'मुक्ता' करून आलेली. पण इथे ती थोरलीच्या मागेमागे करणारी धाकटी आहे आणि तुम्हाला 'मुक्ता' आठवणारही नाही.

वऱ्हाड यायचं आहे.

मांडवात वऱ्हाडाची वाट बघणं तुम्ही आयुष्यात कितीदा केलंय. आधी कुणाला घाई नसते. मग मुहूर्ताची चौकशी सुरू होते. मग कुणीतरी रस्त्यावर जाऊन बघून येतं. ताशेवाले बिडी ओढून घेतात, आचारी भाताचं झाकण काढून पुन्हा ठेवतो, लहान मुलं आली आली म्हणून खोटंच ओरडतात आणि मार खातात. तुम्हाला ठाऊक आहे काय होणार ते. अक्षता घामाने बोटांना चिकटल्यात. आतल्या हसणाऱ्या मुलीला जाऊन सांगावं असं वाटतं, पण अट आठवते. आणि सांगून तरी काय होणार? बातमी रस्त्याने निघालेलीच आहे.

वऱ्हाडाला अपघात झालाय. नवरदेव गेला.

यानंतर जे होतं ते नीट बघा, कारण चित्रपट इथे खरा सुरू होतो. मेला तो रस्त्यावर, गाडीत. पण दोष मांडवात बसलेल्या मुलीच्या पायांना चिकटतो. पांढऱ्या पायाची. तिचं लग्नही लागलेलं नाही, म्हणजे रीतीने ती विधवासुद्धा नाही. विधवेला निदान एक नाव असतं, एक कोपरा असतो. हिला तेही नाही. बाप या धक्क्यातून उठत नाही. मदतीला येणारे हात एकेक करून मागे जातात. घरात खायला नाही. आणि मग मुंबईहून मामा येतो.

मराठी लग्नात मामाचं काम काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. नवरीला मांडवात मामाच आणतो. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी मामाच उभा. गौरीला ज्याने हात धरून बोहल्यापर्यंत न्यायचं, तोच तिला मुंबईला घेऊन जातो. तिला कामाला लावतो म्हणून. हे काम कुठलं, ते गौरीला तिथे गेल्यावर कळतं.

हा मामा म्हणजे सदाशिव अमरापूरकर. चारच वर्षांपूर्वी, १९९१ च्या 'सडक'मध्ये त्यांनी कुंटणखाना चालवणारी महाराणी अशी काही उभी केली होती की देशभर लोक दचकले. त्या मानाने 'दोघी'तल्या मामाकडे बघा. रंगरंगोटी नाही, खदाखदा हसणं नाही. सणावाराला तुमच्या घरी येऊन सोप्यावर बसतो, चहा घेतो, तसा माणूस. मला विचाराल तर महाराणीची भीती थिएटरबाहेर आल्यावर उतरते. या मामाची उतरत नाही.

बहिणींवरच्या पहिल्यावहिल्या चित्रपटांची जगात एक लहानशी ओळच आहे. सोफिया कोपोलाने १९९९ ला पहिला चित्रपट केला तो अमेरिकेतल्या पाच किशोरवयीन बहिणींवर, 'द व्हर्जिन सुइसाइड्स'. डेनिझ गाम्झे एर्ग्युव्हेन या तुर्की-फ्रेंच दिग्दर्शिकेने २०१५ ला 'मस्टँग' केला, त्यातही पाच बहिणी, तुर्कस्तानातलं दूरचं गाव. दोन्हींत घर मुलींना कोंडून घालतं. दारं बंद होत जातात, खिडक्यांना गज येतात. तिथल्या मुलींना घराबाहेर पडायचंय. 'दोघी'तलं घर उलटं वागतं. ते एका मुलीला बाहेर घालवतं आणि तिने पाठवलेल्या पैशांवर दुसरीला सांभाळतं. गौरी निघून गेल्यावर चूल पेटते. कृष्णेचं लग्न ठरतं. याच्याइतकं भयंकर मला त्या दोन चित्रपटांत काही दिसलं नाही, आणि ते दोन्ही मला आवडतात.

आता अक्षता खाली टाका. गागोद्याला जायचंय.

मे महिना, १९९६. दिव्याहून आलेल्या गाडीने पेणला उतरलात. कोकण रेल्वे अजून पूर्ण झालेली नाही, ती १९९८ ला होईल. पण रोह्यापर्यंत गाडी येऊन दहा वर्षं झाली. गावात कौलं शाकारायचं काम चाललंय, राब भाजून झालेत, हवेत राखेचा वास आहे. एका अंगणात पोह्याच्या पापडांचा घाणा निघालाय. पेणचा पोहा आणि पेणचे पापड पुण्या-मुंबईत नावाने विकले जातात. लाटणारे हात अशा अंगणांतले.

दोन बहिणी लाटतायत. एक सतरा-अठराची, दुसरी चौदाच्या आसपासची. नावं विचारू नका, त्या तुमच्या-माझ्या कल्पनेतल्या आहेत. धाकटी दर दोन लाट्यांमागे एक तोंडात टाकते आणि थोरली बघून न बघितल्यासारखं करते. दारात आजी. आई पापड वाळत घालतेय.

तुम्ही सिनेमा दाखवायला आलोय म्हणता. कुठल्या सरकारी खात्याचा असावा, अशी त्यांची समजूत होते आणि तुम्ही ती दूर करत नाही. रात्री जेवणं उरकल्यावर भिंतीवर चादर लावायची ठरते. बायका, मुली, मागे चार-दोन पोरगे. पुरुष लांब कट्ट्यावर, ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

तुम्हाला धाकधूक आहे. यांनी 'माहेरची साडी' बघितलाय. १९९१ ला तो आला तेव्हा तालुक्याच्या गावांत बायका गटागटाने गेल्या, पदर भिजवून आल्या. तिथे रडायला भरपूर जागा होती. 'दोघी' रडायला जागा देत नाही. अलका कुबल रडते तेव्हा तुम्ही तिच्यासाठी रडता; गौरीकडे बघून आधी ओशाळायला होतं. शिवाय वेग संथ, नाच नाही, विनोदी नोकर नाही. उठून जातील का?

चादरीवर माळरान येतं. आजी पहिलं वाक्य बोलते.

"पानी नाय गो कुठं."

रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण मे महिन्यात इथल्याही विहिरींचा तळ दिसतो, आणि हंडा कुठून आणायचा हे या बायकांना नवं नाही. पुढे गाणं सुरू होतं, भेगा पडलेल्या जमिनीचं. शब्द ना. धों. महानोरांचे, चाल आनंद मोडकांची. गाते आहे ती अंजली मराठे, चादरीवरच्या मुलींपेक्षाही लहान. या गाण्यासाठी तिला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे तुम्ही सांगत नाही. कुणी बोलतच नाही, मग सांगणार कुणाला? पापड लाटणारी थोरली गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसलीय.

मांडव येतो, आणि अंगणात चुळबुळ होते. लग्न म्हटलं की बायका पुढे सरकतात. खाली पेणच्या खारेपाटात आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते, विधी तीच करते, धवले तीच गाते. सिनेमातलं लग्न निराळं, तरी मांडव तो मांडव. कुणी नवरीच्या साडीवर बोलतं. कुणी मांडवाच्या डहाळ्यांवर. बातमी येते तेव्हा आईचा हात आपोआप धाकटीच्या पाठीवर जातो. तिला कळतही नाही.

मामा येतो. मागचा एक पोरगा ओरडतो, "अरे हा तर महाराणी!" पोरगे हसतात. बायका हसत नाहीत.

मुंबईवाला मामा ही या भागात नवलाची वस्तू नाही. कोकणाला मनिऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणतात ते उगाच नव्हे. इथून दोन-तीन तासांवर मुंबई, घरटी कुणीतरी तिथे. आधी गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कित्येक घरांत पगाराचा रस्ता कायमचा बंद झाला. माणसं गावी परतली. मग पैसा आणायला दुसरं कुणी गेलं. कुणाची बायको, कुणाची बहीण. घरकामाला, सांभाळायला, कंपनीत पॅकिंगला. पेण तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवरून तर दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, मुलींसकट. यातलं बहुतेक काम सरळच असतं, हे सांगायला हवं. पण कुठलं काम सरळ आणि कुठलं वाकडं, हे गावात बसलेल्याला कळायचं कसं? पाकीट येतं तेव्हा त्यावर फक्त रक्कम असते.

तीन महिन्यांपूर्वीची बातमी या अंगणात काहींनी ऐकलीय. फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मुंबईत कामाठीपुऱ्यात छापे पडले, चारशेहून जास्त जणींना सोडवलं. त्यांत अल्पवयीन मुली बऱ्याच होत्या, नेपाळच्या खूप. सुटका एका रात्रीत झाली. घरी परतणं मात्र महिनोन्महिने रखडलं. नेपाळच्या मुलींना परत न्यायचं काम शेवटी तिथल्या संस्थांनी अंगावर घेतलं. कुणाला सोडवणं सोपं, परत घेणं अवघड. सुमित्राबाईंनी हे छाप्यांच्या आधीच चित्रपटात लिहून ठेवलं होतं.

कारण चादरीवर आता गौरी परत आलीय. बहिणीच्या लग्नाला. हे लग्न तिच्याच पैशांवर उभं राहिलंय. आणि आई तिला पूर्वीसारखी जवळ घेत नाही.

उत्तरा बावकर. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली ही नटी रंगमंचावर मोठमोठ्या भूमिका करून आलेली, पण इथे तिने केलंय ते फार थोडं. ती दुष्ट नाही. ती मुलीला शिव्या देत नाही, हाकलत नाही. ती फक्त थोडी लांब राहते. नजर चुकवते. पैसे घेतले होते तेव्हाही तिने काही विचारलं नव्हतं, आणि आताही विचारत नाही. विचारलं की उत्तर येईल. उत्तर आलं की त्या पैशांचं काय करायचं ते ठरवावं लागेल.

आणि नेमकी तुमची बॅटरी संपते.

चादर पांढरी होते. आधी सगळ्यांना वाटतं लाइट गेली. मग घरातला बल्ब चालूच दिसतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात. तुम्ही खटपट करता, ठोकून बघता. उपयोग नाही. १९९६ च्या गागोद्यात तुमचा चार्जर लावून बघायची हिंमत तुम्हाला होत नाही.

"फुडं काय होतं?"

तुम्हाला माहीत आहे. अटही माहीत आहे. तुम्ही ठाऊक नाही म्हणता, आणि खोटं बोलल्याचं चेहऱ्यावर दिसतं.

मग अंगणच शेवट करायला घेतं. एक बाई म्हणते, जाईल परत मुंबईला, दुसरं काय करंल. कट्ट्यावरून एक पुरुषी आवाज येतो की लग्नात नको तो तमाशा होईल. कुणी म्हणतं मरून जाईल बिचारी, सिनेमात मरतात अशा. पापड लाटणारी थोरली काही बोलत नाही. धाकटीचं मात्र शेवटाकडे लक्षच नाही. ती मागेच अडकलीय.

"पैसं कुठनं येतात, त्या आयला ठावं होतं का नाय?"

आई चादरीची टोकं सोडवायला उठलीय. आजी म्हणते, "ठावं नसतंय व्हय."

"मंग तिनी इचारलं का नाय?"

आजीला वेळ लागतो. रातकिडे ओरडतायत, कुणाचं तरी पोर पेंगतंय.

"इचारलं असतं, तर पैसं घेता आलं नसतं."

आई चादरीची घडी करते. नीट, चार पदरी, कडेला कड जुळवून, आणि तुमच्या हातात देते. उद्याही दाखवाल का, असं विचारते. तुम्ही बॅटरीचं कारण सांगता. थोरली आत निघून गेलीय. निरोप घेऊन तुम्ही अंधारात रस्त्याला लागता तेव्हा मागे धाकटी अजून आजीला काहीतरी विचारतेय, आणि आजी उत्तर देतेय.

आजच्या फाट्यावर परत आलात. मनोरा आहे, डांबर आहे, मोबाइलला रेंज आली.

'दोघी' राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या पैशांतून झाला. सामाजिक विषयावरच्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पहिला चित्रपट आला तेव्हा सुमित्राबाई बावन्न वर्षांच्या होत्या. त्यानंतर 'दहावी फ', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु' असं काम होत राहिलं. 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं. १९ एप्रिल २०२१ ला पुण्यात त्या गेल्या. शेवटचा 'दिठी' पुढच्या महिन्यात लोकांसमोर आला.

या सगळ्यांत मी पहिल्याला पहिला धरतो. नंतरचे काही जास्त सफाईचे आहेत, हे मान्य. 'दोघी'त कुठेकुठे कार्यकर्तीचा हात दिसतो, एखादा प्रसंग मुद्दा सांगून थांबतो. पण त्या आईइतकं खरं पात्र मराठी पडद्यावर क्वचित आलं.

शेवट मी तुम्हालाही सांगितलेला नाही. चित्रपट मिळवून बघा, शक्य झालं तर घरातल्या मुलींना शेजारी बसवून. गौरी आणि कृष्णेकडे लक्ष आपोआप जाईलच. तुम्ही उत्तरा बावकरांवर नजर ठेवा.